तिसरं फार गोड आहे

रविवारी सकाळी साडेआठला टेबलावरचा फोन थरथरला, की ताईच्या कपाळाला आठ्या पडत. घड्याळ चुकेल, पण तिचा भाऊ चुकायचा नाही. पाच गाणी, मोजून पाच, आणि प्रत्येक गाण्याखाली हातभर शिफारस. "ताई, हे ऐकच. ओले मोजे नावाचा नवा बँड आहे. तीन पोरं आणि एक पोरगी. अजून तीनशे जणांनीसुद्धा ऐकलेलं नाही." तीनशे जणांनी ऐकलेलं नाही ही ताईच्या मते गाण्याची शिफारस नव्हती, गाण्याविरुद्धचा पुरावा होता. पण भावाचं गणितच उलटं. ऐकणारे जितके कमी, तितकं गाणं थोर. त्याला तो इंडी पॉप म्हणायचा, आणि तो शब्द अशा आदराने उच्चारायचा, की ऐकणाऱ्याने चपला काढाव्यात.

भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा सुतार. स्वतःचं वर्कशॉप, हाताखाली एक म्हातारा पॉलिशवाला, कपाटं आणि टेबलं करण्यात हात धरणारं कोणी नाही. घरात मात्र त्याला भोंगा म्हणत. त्याचं कारण असं, की ताई बारा वर्षांची असताना रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घ्यायची, आणि हा पाच वर्षांचा कारटा, गाणं रंगात आलं की नेमका तेव्हाच गळा काढायचा. ताईच्या एकूण एक कॅसेटवर दुसऱ्या कडव्यानंतर भोंगा ऐकू येतो. नाव पडलं ते पडलंच. मोठा झाल्यावर तो म्हणायचा, "तुझी गाणी मी बिघडवली ना ताई? आता जन्मभर नवी देतो." चार वर्षांपूर्वी त्याच्या हातात बरा फोन आला आणि तो खरंच द्यायला लागला. ही परतफेड होती की सूड, हे ताईला अजून ठरवता आलेलं नव्हतं.

त्यात ताईचं कामच कानांचं. एका कानाच्या दवाखान्यात ती पंचवीस वर्षं होती. डॉक्टर कानात डोकावायचे, आणि त्या कानाला किती ऐकू येतं ते ताई तपासायची. पेशंट काचेच्या खिडकीच्या आवाजबंद खोलीत, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. बाहेर ताई एकेक सूर सोडणार, जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. सगळं मिळून कागदावर एक आलेख निघतो, आणि तो आलेख ताई असा वाचायची, जसा दुसरा कोणी पेपर वाचेल. आठवड्याचे सहा दिवस टूं आणि टीं ऐकल्यावर सातव्या दिवशी तिला एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे शांतता. आणि नेमकी तीच तिला मिळत नव्हती.

बरं, नुसती पाठवून गप्प बसेल तर तो भोंगा कसला. नऊ वाजता विचारणा यायची, "कुठलं आवडलं?" साडेनऊपर्यंत उत्तर गेलं नाही तर फोन. अगदी सुरुवातीला ताईने एकदा खरं सांगून बघितलं होतं, "अरे, मला सगळी सारखीच वाटतात. सगळे जण नुकतेच झोपेतून उठून गातायत असं वाटतं." झालं. तासभर त्याने फोनवर तिला समजावलं. दूध उतू गेलं, आंघोळीचं पाणी थंड झालं, आणि समजावणं काही संपेना. त्या दिवशी ताईने कानाला खडा लावला.

मग तिला युक्ती सापडली. दर रविवारी, एकही गाणं न लावता, नऊला पाच कमी असताना ती लिहायची, "तिसरं फार गोड आहे रे." तिसरंच का, यामागेही विचार होता. पहिलं म्हटलं तर पुढचं ऐकलंच नाही असं दिसतं. शेवटचं म्हटलं तर आधीची विसरलीस का म्हणून तो विचारणार. तिसरं कसं, मधलं, सभ्य, संशयाच्या पलीकडचं. कधी चवीला म्हणून ती एखादं वाक्य जोडायची, "आवाजात आर्जव आहे." की भोंगा खूश, ताई मोकळी.

"आई, ही शुद्ध फसवणूक आहे," तिची लेक म्हणायची. लेक कॉलेजात, तिलाही मामाची गाणी यायची आणि ती त्यातली निम्मी तरी ऐकायची.

"फसवणूक नाही. याला नाती सांभाळणं म्हणतात," ताई म्हणायची.

तेवढ्यावर डोक्याचा ताप संपला असता तरी चाललं असतं. पण भोंग्याची बायको अधूनमधून तिचा वेगळाच पाढा वाचायची. "ताई, यांना हाका मारून मारून माझा घसा बसतो. स्वयंपाकघरातून दहा हाका मारते, हे ढिम्म." ताई हसायची. "अगं, बायकोची हाक ऐकू येणारा नवरा मी पंचवीस वर्षांत बघितलेला नाही. त्याला माझ्याकडेही औषध नाही." दोघी हसायच्या. आपला विनोद ताईला इतका आवडला होता, की दवाखान्यातही तिने तो दोनतीनदा सांगितला.

आता झालं असं, की एका रविवारी भोंग्याच्या फोनमध्ये काहीतरी बिघाड होऊन पाचऐवजी दोनच गाणी पोहोचली. ताईने बघितलं नाही. नेहमीप्रमाणे नऊला पाच कमी असताना तिने लिहिलं, "तिसरं फार गोड आहे रे."

त्यावर उत्तर आलं नाही. ताईला वाटलं, चला, आज लवकर सुटका झाली.

पुढच्या रविवारी पाचच्या पाच आली. तिसऱ्याखाली एकच ओळ होती, "नवा कलाकार आहे. पहिलंच गाणं." ताईने तेही वाचलं नाही. ती धुतलेले पडदे टांगत होती, तोंडात दोन चिमटे होते, एका हाताने तिने लिहिलं, "आज तिसरं फारच गोड आहे. काय आर्जव आहे आवाजात!"

दोन मिनिटांनी उत्तर आलं.

"ताई, ते माझं रंधा मशीन आहे. पाच फुटी फळी रंधताना रेकॉर्ड केलंय."

ताई स्टुलावर उभी होती ती खाली बसली. लेकीने तिच्या हातातून फोन घेतला, वाचलं, आणि इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. ताईला हसू आलं नाही. चोरी पकडली गेली की माणूस आधी चिडतो, तशी ती चिडली. "हे काय वागणं झालं? सख्ख्या बहिणीची परीक्षा घेतोस? काही कामधंदा आहे की नाही?" असं सगळं तिने लिहिलं, आणि मग पुसलं. शेवटी लिहिलं, "सॉरी रे." त्यालाही उत्तर नाही.

त्यानंतरच्या रविवारी साडेआठला फोन थरथरला नाही. सुटले बाई, ताई म्हणाली, आणि पाय पसरून चहा प्यायली. नऊ वाजता तिने फोन उघडून बघितला, आवाज बंद तर नाही ना. दुसऱ्या रविवारी तिने तो चारदा बघितला. तिसऱ्या रविवारी भोंग्याच्या बायकोला फोन लावला, तर ती म्हणाली, "काय झालंय कोण जाणे. हल्ली गाणीच ऐकत नाहीत. वर्कशॉपला जातात, येतात, जेवतात, झोपतात. मी म्हटलं ताईंशी बोला, तर म्हणतात, ताईला ऐकायला वेळ नसतो."

हे वाक्य ताईच्या जिव्हारी लागलं. वेळ नसतो! चार वर्षं, दोनशेच्यावर रविवार, हजारएक गाणी, आणि तिने त्यातली किती ऐकली होती? पाच? सहा? त्यातही पूर्ण एकच, तेसुद्धा फोन बंद करता येत नव्हता म्हणून. बरं, नुसतं जाऊन पाया पडून भागणारं नव्हतं. भोंगा विचारणार, कुठलं आवडलं. आता तिसरं म्हणायची सोय उरली नव्हती.

म्हणून सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ताई डबा घेऊन आवाजबंद खोलीत जाऊन बसली. दवाखान्यातले चांगल्यातले हेडफोन डोक्यावर चढवले, एका हाताने खात, एका हाताने फोन वर सरकवत तिने सगळ्यात अलीकडचं, ओल्या मोज्यांचं गाणं काढलं. नाव होतं 'जिन्यातली सायकल'. देवा रे, ती म्हणाली, आणि खाली भोंग्याने काय लिहिलंय ते वाचायला लागली.

"ताई, गेल्या चार वर्षांतलं हे माझं सगळ्यात लाडकं. ह्या पोरीच्या आवाजाला एकही कंगोरा नाही, धुवून मऊ झालेल्या चादरीसारखा आहे. मागे फक्त एक जाड गिटार. आणि एक मिनिट चाळीस सेकंदांवर सगळं थांबतं, पोरगी एकटीच उरते. तिथे मला दर वेळी भरून येतं. तू तिथपर्यंत तरी ऐक."

ताईने गाणं लावलं. पोरीचा आवाज धारदार होता. तिच्या प्रत्येक 'स'ला सुईचं टोक होतं. गिटार होती, पण तिच्याबरोबर पहिल्यापासून कोणीतरी खुळखुळा हलवत होतं. आणि एक मिनिट चाळीसवर काहीही थांबलं नाही. गिटार थांबली, एवढंच. खुळखुळा चालूच होता आणि वर एक बारीक घंटी वाजायला लागली, किण किण किण, शेवटपर्यंत.

चुकीचं गाणं लावलं, असं वाटून ताईने पुन्हा बघितलं. तेच होतं. "काय ऐकतो हा गाढव?" ती मोठ्याने म्हणाली. पुढचं लावलं. त्याखाली लिहिलं होतं, "बरं झालं, नव्या पोरांनी झांजा वाजवणं सोडून दिलं." गाण्यात झांजांशिवाय दुसरं काही धड ऐकूच येत नव्हतं.

ताईचा घास हातात राहिला.

मग तिने पहिल्यापासून सुरुवात केली. चार वर्षांपूर्वीची शिफारस: "शेवटी बाई शिट्टी वाजवते ती ऐक. मागे खिडकीत पाखरं बोलतात तीसुद्धा." गाणं लावलं. शिट्टी होती, पाखरंही होती. तीन वर्षांपूर्वीची: "मध्ये घुंगरासारखं काहीतरी आहे, फार हळू आहे, नीट ऐक." ते होतं. दोन वर्षांपूर्वीच्या ढिगात पाखरं नव्हती, घुंगरू नव्हते, पण बासरी होती. वर्षापूर्वी बासरी गेली. "हल्लीची गाणी कशी शांत व्हायला लागलीयत ताई, मला हे आवडतं." आणि गेल्या सहा महिन्यांत नुसती जाड गिटार, जाड ढोल, मऊ आवाज, मऊ आवाज, मऊ आवाज.

गाणी शांत होत नव्हती. भोंग्याचे कान जात होते. आधी वरचे बारीक सूर, मग त्याखालचे, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे. हजारो परक्या माणसांचे आलेख काढणाऱ्या बाईला तिच्या भावाने चार वर्षं दर रविवारी स्वतःच्या हाताने आलेख लिहून पाठवला होता, आणि तिने उत्तर दिलं होतं, तिसरं फार गोड आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ताईने डबा बंद केला. दुपारी आलेल्या पहिल्या पेशंटचा डावा कान तिने दोनदा तपासला आणि उजवा विसरली.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिने लेकीला विचारलं, "मामाने लिहिलेलं आणि गाणं, जुळतं का गं?"

"छे. अजिबात नाही," लेक म्हणाली. "वर्षभर नाही जुळत. मला वाटलं ती त्याची स्टाइल आहे."

"स्टाइल!" ताई कडाडली. "आणि हे मला सांगायला तुझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"तू कुठे ऐकत होतीस?" लेक म्हणाली.

भोंगा फोन उचलत नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती वर्कशॉपवर गेली. रंधा मशीन चालू होतं. दारातच तिचे दात शिवशिवले. दोन वर्षांपूर्वी तिनेच आणून दिलेले कान झाकायचे कप खिळ्याला टांगलेले होते, त्यांच्यावर बोटभर भुसा साचला होता. भोंगा पाठमोरा फळी सारत होता, आणि त्याच्या दोन्ही कानांत छोटे, काळे, गाणी ऐकायचे इअरफोन होते. तिने तीन हाका मारल्या. शेवटी पॉलिशवाल्याने जाऊन बटण बंद केलं.

"कानात काय आहे ते?" ताईने विचारलं.

"गाणी. आणि काय?"

"मशीन चालू असताना? मशीनच्या वर ऐकू येण्याइतकी मोठी?"

"मग कधी ऐकू?" भोंगा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी बोलत असल्यामुळे त्याचा आवाज नको तितका चढला. "पाच निवडायला पन्नास ऐकावी लागतात, ताई. काहीही उचलून पाठवत नाही मी तुला. दिवसभर इथेच ऐकतो, आणि त्यातली पाच काढतो. तुला वाटलं आकाशातून पडतात?"

 म्हणजे दोनशे आठवडे, रोज आठ तास, मशीनच्या वर आवाज चढवून हा तिच्यासाठी गाणी निवडत होता. तिला राग आला, त्याचा, मशीनचा, त्या ओल्या मोज्यांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आणि राग आला की ती वस्सकन बोलायची, तशीच बोलली, "तुझे कान गेलेत. उद्या तपासायला ये."

"माझे कान?" भोंगा हसला. "अख्ख्या खानदानात ऐकणारा मी एकटा आहे. बाकीचे सगळे तिसरं गोड म्हणणारे."

हा टोला ताईने खाल्ला, तो तिचाच होता. तिने फोन काढला, पिशवीतला छोटा स्पीकर जोडला आणि 'जिन्यातली सायकल' लावलं. भोंग्याचा चेहरा लगेच बदलला. डोळे मिटून तो मान हलवायला लागला. एक मिनिट चाळीस झालं.

"आता घंटी वाजतेय," ताई म्हणाली. "ऐकू येतेय?"

"ह्या गाण्यात घंटी नाही."

"भोंग्या, नीट ऐक."

"ताई, हे गाणं मी दोनशे वेळा ऐकलंय. इथे सगळं थांबतं. पोरगी एकटी असते. घंटी नाही."

पॉलिशवाला सत्तरीचा, कोपऱ्यात कपाटाच्या दाराला फडकं घासत बसला होता. त्याने मानही वर केली नाही. "मघापासून किणकिणतंय की," तो म्हणाला.

भोंग्याने डोळे उघडले. आधी पॉलिशवाल्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे. वाकून स्पीकरला कान लावला. एक कान, मग दुसरा. गाणं संपेपर्यंत तो तसाच वाकून उभा होता, आणि ताईला वाटलं, कुठून आपण हे लावलं.

"किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.

गुरुवारी तो आला. केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू कोणाच्या लग्नाला. ताईने त्याला आत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "ऐकू आलं की दाब. नाही आलं तर अंदाजाने दाबायचं नाही." "तुझ्यासारखं?" तो म्हणाला. ताईने दार लावून घेतलं.

जाड सूर त्याने पटापट टिपले. मधले टिपले. मग ताईने बारीक सोडायला सुरुवात केली आणि काचेपलीकडे काहीच झालं नाही. तो डोळे मिटून, किंचित हसत, गाणं सुरू व्हायची वाट बघावी तसा बसून होता. ताईने आवाज चढवला. आणखी चढवला. तिला बाहेर, दाराच्या फटीतून ऐकू येईल इतका चढवला तेव्हा कुठे त्याचा अंगठा हलला. पंचवीस वर्षांत ताई मशीनसमोर कधी रडली नव्हती. त्या दिवशी तिने बाही डोळ्यांना लावली आणि पुढचा सूर सोडला.

डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा, मशीनवर कान झाका, कानातले इअरफोन फेकून द्या, आणि दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावा. आठवड्याने यंत्रं आली. ताईने स्वतःच्या हाताने ती त्याच्या कानांमागे बसवली, आलेखाप्रमाणे जुळवली. भोंगा एकदम दचकला. "काय कुरकुरतंय?" "तुझा शर्ट." त्याने बाही हलवून बघितली, परत हलवली. बायको शेजारी बसली होती, ती हळूच म्हणाली, "ऐकू येतंय का हो?" आणि त्याने इतक्या झटकन मान वळवली, की ती बिचारी ओशाळली. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग त्याने फोन काढून 'जिन्यातली सायकल' लावलं.

अर्ध्या मिनिटात त्याचा चेहरा पडला. एक मिनिट चाळीसला घंटी सुरू झाली तेव्हा त्याने गाणं बंद केलं.

"ही ती पोरगी नाही," तो म्हणाला.

"तीच आहे रे. आधीही अशीच गात होती. सवय होईल, महिनाभर जाऊ दे."

"ही टोचते. माझी टोचत नव्हती. आणि तिथे सगळं थांबायचं, आता ती घंटी थांबतच नाही." त्याने यंत्रं काढली, डबीत ठेवली, डबीचं झाकण दोनदा दाबलं. "माझं गाणं बिघडवलंस, ताई."

"म्हणजे फिट्टंफाट झाली," ताई म्हणाली. तिला वाटलं तो हसेल. तो उठून गेला, आणि मागोमाग डबी उचलून, ताईकडे ओशाळं बघत त्याची बायको.

ताई खुर्चीत बसून राहिली. काय माणूस आहे हा! कान दिले तर म्हणतो गाणं नेलंस. किती समजावावं, किती झिजावं एखाद्यासाठी? दवाखान्यात येणाऱ्या नातेवाइकांचीही हीच कुरकुर असायची, आणि त्यांच्यासाठी ताईचं एक ठरलेलं भाषण होतं. कॉम्प्युटरवर पेशंटचा आलेख घातला की त्या पेशंटला जसं ऐकू येतं तसं आपल्याला ऐकवायची त्यात सोय होती. चिडलेली सून, कंटाळलेला मुलगा, कोणीही असो, ताई त्यांना हेडफोन द्यायची आणि म्हणायची, "आधी त्यांच्या कानांनी ऐका, मग बोला." हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती, की तिचा त्याच्याशी काही संबंध आहे हे तिच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

तिने भोंग्याचा आलेख आत घातला. हेडफोन चढवले. गाणं लावलं.

 पोरीच्या आवाजाची धार गेली होती. 'स'ची सुई मोडली होती. खुळखुळा कुठे नव्हता. एक जाड गिटार आणि तिच्यावर तो आवाज, दूरचा, धुवून मऊ झालेला. ताई एक मिनिट चाळीसची वाट बघत बसली, घड्याळाकडे बघत नाही, खरीच वाट बघत. गिटार थांबली. सगळं थांबलं. घंटी वाजली नाही. पोरगी एकटीच उरली, आणि ताईला भरून आलं, अगदी भोंग्याने लिहिलं होतं तिथेच. असं गाणं जगात कोणी बनवलेलंच नव्हतं. ते फक्त तिच्या भावाच्या कानात होतं, आणि ते तो तिला ऐकवायला धडपडत होता.

तिने लगेच लिहिलं, "तुझ्या आलेखाने ऐकलं. तू म्हणतोस तसंच आहे. सगळं थांबतं. फार सुंदर आहे रे." पाठवलं. उत्तर नाही. का यावं? दोनशे वेळा गोड म्हणणाऱ्या बाईच्या सुंदरला किंमत ती काय?

रविवारी साडेआठला फोन थरथरला. ताई टुणकन उठली. पाच गाणी. तिसऱ्याखाली लिहिलं होतं, "ताई, यंत्र लावून निवडलीयत, घरी बसून, हळू आवाजात. तिसऱ्यात शेवटी घंटी आहे असं वाटतंय. माझा भरवसा नाही. आहे का सांग."

ताईने लेकीचे हेडफोन ओढून घेतले आणि तिसरं लावलं. घंटी नव्हती. पुन्हा लावलं. शेवट तीनदा ऐकला. खिडकी लावली, पंखा बंद केला, लेकीला स्वयंपाकघरातून हुसकावलं. घंटीचा मागमूस नव्हता.  यंत्र चुकीचं जुळवलं की काय? की नसलेलं ऐकू यायला लागलं त्याला? तिने घाईघाईने लिहिलं, "तिसऱ्यात घंटी नाही. कुठेच नाही. तू उद्याच्या उद्या दवाखान्यात ये."

लगेच उत्तर आलं.

"घंटी नाहीच आहे. शाब्बास. म्हणजे ऐकलंस."

"भोंग्या!" ताई रिकाम्या खोलीत ओरडली. मग तिने धडाधडा लिहिलं, की माझा जीव गेला असता, की तुला अक्कल कधी येणार, की चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालास, की यंत्रं आत्ता कानात आहेत की नाहीत ते आधी सांग.

"आहेत," त्याने लिहिलं. "फक्त सायकल ऐकताना काढतो. चालेल ना?"

 "चालेल," तिने लिहिलं. "पण रंध्यावर कप घालायचे. पॉलिशवाल्याला मी विचारणार आहे."

"हो. आता बाकीची चार ऐक. कुठलं आवडलं ते नऊपर्यंत सांग."

घड्याळात नऊला पाच कमी होते. ताईने कपाळावर हात मारला आणि पहिलं लावलं.